उतरणाऱ्या वेडाची स्तुती

ओठांत सुई टोचून ते भरून घेणं हे वेड आहे, याबद्दल घरोघरी एकमत आहे. आजी म्हणते, देवानं दिलेलं तोंड बदलू नये. वडील म्हणतात, तेवढ्या पैशांत सोनं आलं असतं आणि ते घरात राहिलं असतं. शेजारच्या काकू विचारतात, गांधीलमाशी चावली का? तिघांचंही म्हणणं मान्य करून पुढे जाऊ. हे वेडच आहे. यानं पोट भरत नाही, आजार बरा होत नाही, आणि केलेलं बहुतेक सगळं वर्षभरात विरघळून जातं.

तरीही इथे या वेडाची स्तुतीच करायची आहे, आणि ती मनापासून करायची आहे. चेहऱ्यापायी माणसानं आजवर जी वेडं केली त्यांच्या रांगेत हे उभं करून पाहिलं, तर इतकं मोजूनमापून केलेलं आणि इतकं सहज मागे घेता येणारं वेड दुसरं सापडत नाही. वेडाची पारख ते किती मोठं आहे यावरून करू नये. ते उतरतं की नाही यावरून करावी.

स्तुतीत आधी कूळ सांगायचं असतं. भरलेल्या लाल ओठांची ओढ मोबाइलनं आणलेली नाही. संस्कृत कवींनी सुंदर स्त्रीच्या ओठांना शतकानुशतकं पिकलेल्या तोंडल्याची उपमा दिली. आपल्या स्वयंपाकघरात तोंडलं हिरवंच येतं, म्हणून ती उपमा आज चटकन पटत नाही. वेलीवर राहू दिलं तर ते पिकून गडद लाल आणि तुकतुकीत होतं. विडा खाऊन ओठ रंगवणं हा तर शृंगाराचा भागच होता. या ओढीला शरीराचंही कारण आहे. वय वाढतं तसे ओठ पातळ होतात, वरचा ओठ लांबतो आणि त्याची लाल पट्टी आत वळू लागते. भरलेला ओठ म्हणजे तारुण्य, हे गणित कुणी शिकवावं लागत नाही.

ओढ जुनी, पण ती भागवण्याचे जुने मार्ग भयंकर होते. १८९९ साली व्हिएन्नातले शल्यचिकित्सक रॉबर्ट गेर्सुनी यांनी शरीरात व्हॅसलीन टोचण्याचा प्रयोग केला, आणि थोड्याच काळात युरोपात नाक, गाल आणि सुरकुत्या वितळलेल्या पॅराफिनच्या मेणानं भरण्याची लाट आली. मेण जागेवर राहत नाही. ते सरकतं, घट्ट होतं, त्याच्या गाठी होतात, गाठींवरची कातडी फुटते. या गाठींना वैद्यकशास्त्रात पॅराफिनोमा असं स्वतंत्र नाव द्यावं लागलं. पुढे मार्लबरोची डचेस झालेली, आपल्या काळातली नावाजलेली सौंदर्यवती ग्लॅडिस डीकन हिनं नाक ग्रीक पुतळ्यासारखं सरळ व्हावं म्हणून त्यात मेण भरून घेतलं. ते मेण हनुवटीकडे उतरलं आणि तिचा चेहरा कायमचा बिघडला. एकदा आत गेलेलं मेण पुरतं बाहेर काढण्याचा उपाय कुणाकडे नव्हता.

मेणानंतर द्रवरूप सिलिकॉन आलं. तेही शरीर पचवू शकत नाही, तेही वर्षानुवर्षांनी गाठी आणि सूज घेऊन परत येतं, आणि तेही काढायचं तर कापावं लागतं. १९८१ साली अमेरिकेत गाईच्या कातड्यापासून काढलेल्या कोलॅजनला मान्यता मिळाली. ते विरघळत होतं, ही मोठीच सुधारणा. पण काहींना त्याची ॲलर्जी येई, म्हणून आधी हातावर टोचून काही आठवडे वाट पाहावी लागे, आणि इतकं करून परिणाम टिके तो काही महिने.

आज ओठांत जे भरतात त्याचा जन्म सौंदर्याच्या बाजारात झाला नाही. १९३४ साली न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी गाईच्या डोळ्यातल्या पारदर्शक गरापासून एक पदार्थ वेगळा केला. त्याचं नाव हायलुरोनिक ॲसिड. हंगेरीत जन्मलेल्या एंद्रे बालाझ यांनी पुढे कोंबड्याच्या तुऱ्यापासून तो अतिशुद्ध रूपात मिळवला, आणि १९८०च्या सुमारास तो मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्याच्या नाजूक भागांना जपण्यासाठी वापरात आला. नट्यांच्या ओठांत जाण्याआधी त्यानं म्हाताऱ्यांच्या डोळ्यांची सेवा केली. आता बहुतेक फिलरसाठी, म्हणजे टोचून भरायच्या जेलींसाठी, तो जिवाणूंकडून, आंबवण्याच्या प्रक्रियेनं तयार करतात. त्यात प्राण्याचा अंश लागत नाही. स्वीडनमध्ये बनलेलं रेस्टिलेन हे असं फिलर १९९६ साली युरोपच्या बाजारात आलं, डिसेंबर २००३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं त्याला नाकाच्या कडेपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत जाणाऱ्या घड्यांसाठी मान्यता दिली, आणि ओठांसाठीची मान्यता २०११ साली आली. रांगेत उभं राहण्याची एवढी तयारी दाखवणारी वेडं फार थोडी असतात.

आता गुण.

पहिला गुण असा, की हा पदार्थ परका नाही. तो आपल्या कातडीत आहे, सांध्यांतल्या वंगणात आहे, डोळ्यांत आहे. मोठ्या माणसाच्या शरीरात तो सुमारे १५ ग्रॅम असतो आणि त्यातला जवळजवळ एक तृतीयांश शरीर रोज मोडून नव्यानं घडवतं. पाणी धरून ठेवणं हे त्याचं काम, त्यामुळे ओठ भरलेला आणि मऊ दिसतो. नुसताच टोचला तर शरीर त्याला दोन-चार दिवसांत संपवून टाकेल. म्हणून कारखान्यात त्याचे धागे एकमेकांत रासायनिक टाक्यांनी बांधून त्याची जेली करतात. ते टाके शरीर सावकाश उसवतं. त्याला साधारण ६ ते १२ महिने लागतात. ओठ सतत हलतात, बोलतात, खातात, म्हणून चेहऱ्याच्या इतर भागांपेक्षा इथे ते लवकर उसवतात.

दुसरा गुण म्हणजे माप. चहाच्या चमच्यात ५ मिलिलिटर मावतात. ओठांच्या पहिल्या खेपेला अर्धा ते एक मिलिलिटर पुरतो, म्हणजे चमच्याचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून कमी. ज्या ओठांची सगळ्या सोसायटीत चर्चा होते, त्यांत एवढंसंच काही गेलेलं असतं. चांगला डॉक्टर पहिल्या दिवशी याहून जास्त भरायला नकार देतो. आणखी हवं तर दोन-चार आठवड्यांनी पाहू, असं तो सांगतो. ज्या वेडात दुकानदार स्वतःच ‘आज एवढंच पुरे’ म्हणतो त्याला मान द्यायला हवा.

तिसरा गुण सगळ्यांत थोर, आणि ही स्तुती त्याच्याच पायावर उभी आहे. या वेडाला उतारा आहे. हायलुरोनिडेज नावाचं एक एन्झाइम टोचलं, की ती जेली विरघळू लागते. काही तासांत फरक दिसतो, एक-दोन दिवसांत ओठ खाली बसतात. मेणाला उतारा नव्हता, सिलिकॉनला नव्हता. चेहऱ्यावर केलेली चूक पुसण्याची इतकी सोय त्या बिचाऱ्या डचेसला मिळाली असती, तर तिचा चेहरा कायमचा बिघडला नसता.

गुण ऐकून कुणाला जावंसं वाटलं, तर तिथे नक्की काय होतं तेही सांगायला हवं. ज्या वेडाचा विधी ठाऊक आहे त्यात फसवणूक कमी होते.

पहिल्या भेटीत सुई दिसू नये, प्रश्न दिसावेत. तुम्ही गरोदर आहात का, बाळाला पाजता का? असाल तर ही भेट पुढे ढकलायची. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, ॲस्पिरिन, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल घेता का? त्यांनी काळंनिळं जास्त होतं. पण हृदयासाठी चालू असलेली गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही, ती देणाऱ्या डॉक्टरांना विचारायचं. ओठांच्या कडेला पाणी भरलेले फोड पूर्वी कधी आले होते का? ते हर्पिसच्या विषाणूमुळे येतात आणि सुईच्या टोचणीनं पुन्हा उठू शकतात. असा इतिहास असेल तर आधीपासून गोळ्या देतात. बधिर करणाऱ्या औषधाची ॲलर्जी आहे का? मधमाशी किंवा गांधीलमाशी चावल्यावर जिवावर बेतण्याइतकी सूज आली होती का? शेजारच्या काकूंचा प्रश्न डॉक्टरांनीही विचारावा याला ठोस कारण आहे. या माश्यांच्या विषात हायलुरोनिडेज असतं, त्यामुळे ज्यांना त्या विषाची तीव्र ॲलर्जी आहे त्यांना उताऱ्याचीही येऊ शकते. मग फोटो काढतात, समोरून आणि दोन्ही बाजूंनी. ते फोटो जपून ठेवावेत. पंधरा दिवसांनी आपले मूळ ओठ कसे होते हे आठवत नाही.

प्रत्यक्ष दिवशी ओठांवर बधिर करणारं मलम लावून वीस-तीस मिनिटं बसवतात. काही डॉक्टर दातांच्या डॉक्टरांसारखं हिरडीशी इंजेक्शन देतात. बहुतेक फिलरमध्ये लिडोकेन हे बधिर करणारं औषध मिसळलेलंच असतं, म्हणून पहिली टोचणी बोचते आणि पुढच्या सौम्य वाटतात. डोळ्यांत पाणी येतं. ओठांत चेतातंतू दाट आहेत, त्यात भित्रेपणाचा प्रश्न नाही. पेटी तुमच्यासमोर फोडली जावी, तिच्यावरचं नाव, बॅच नंबर आणि मुदत तुम्ही वाचावी, आणि तिचं चिकटपत्र आपल्या कागदांत लावून घ्यावं. काही ठिकाणी बारीक सुई वापरतात, काही ठिकाणी बोथट टोकाची बारीक नळी, म्हणजे कॅन्युला. पंधरा मिनिटं ते अर्धा तास, एवढाच हा सोहळा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरशात जे दिसेल ते पाहून रडू येण्याची शक्यता आहे. या वेडाचं सगळ्यांत खडतर व्रत इथे सुरू होतं. पहिले २४ ते ४८ तास सूज चढते. एक बाजू जास्त, एक कमी असते. वरचा ओठ पुढे आलेला दिसतो, चहा पिताना ओघळतो. निळे-जांभळे डाग पडले तर ते हिरवे-पिवळे होत आठवडाभरात जातात. हाताला बारीक गाठी लागतात. बहुतेक दोन आठवड्यांत विरतात. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय त्या दाबायच्या किंवा चोळायच्या नाहीत. कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ लावायचा. एक-दोन दिवस व्यायाम, दारू, वाफ घेणं बंद. पहिल्या दिवशी लिपस्टिक बंद. झोपताना उशी थोडी उंच. दोन आठवडे दातांची कामं पुढे ढकलायची. ओठांचं खरं रूप दोन ते चार आठवड्यांनी दिसतं. म्हणूनच ज्या नवऱ्या मुली हळदीच्या चार दिवस आधी जातात, त्यांना कुणीतरी प्रेमानं अडवायला हवं. लग्नाच्या निदान सहा आठवडे आधी जावं, नाहीतर लग्न झाल्यावर.

या व्रतानं जे शिकवलं जातं ते मला मोलाचं वाटतं. सगळं आत्ता हवं असणाऱ्या वयाला पंधरा दिवस आरशावर विश्वास न ठेवता थांबायला लावणारं दुसरं काही मला ठाऊक नाही.

सरकारचंही या वेडाविषयीचं मत स्पष्ट आहे. दवाखान्यातल्या उपचारांना वस्तू व सेवा कर माफ आहे; नुसत्या सौंदर्यासाठी केलेल्या उपचारांना ती माफी नाही, त्यांवर १८ टक्के द्यावे लागतात. आरोग्यविमाही पैसे देत नाही. मुंबई-पुण्यात एका मिलिलिटरसाठी पाच आकडी रक्कम मोजायची आणि वर हा कर भरायचा, हे मला योग्य वाटतं. ज्याला त्याला आपल्या वेडाचा खर्च स्वतःच्या खिशातून दिसायला हवा. वर्षानं पुन्हा तेवढाच खर्च येणार आहे, हेही पहिल्याच दिवशी मांडून पाहावं. कर्ज काढून किंवा हप्त्यांवर हे करू नये; ओठ उतरतील आणि हप्ते चालूच राहतील.

आता धोका. जी स्तुती धोका लपवते ती जाहिरात होते. वरच्या आणि खालच्या ओठातून चेहऱ्याच्या मुख्य धमनीच्या दोन शाखा जातात. त्या प्रत्येकाच्या ओठांत एकाच जागी, एकाच खोलीवर नसतात. जेली चुकून धमनीत गेली किंवा बाहेरून तिच्यावर दाब आला, तर पुढच्या भागाचं रक्त तुटतं. ओठ किंवा भोवतालची कातडी पांढरीफटक पडते, मग तिच्यावर जाळीसारखे जांभळट पट्टे उमटतात. टोचण्याच्या मानानं वेदना फार जास्त असतात आणि वाढत जातात. बोटानं दाबून सोडल्यावर निरोगी ओठाचा रंग एक-दोन सेकंदांत परत येतो. इथे तो येत नाही. अशा वेळी सकाळपर्यंत थांबायचं नसतं. हायलुरोनिडेज जितक्या लवकर आणि पुरेशा मात्रेत मिळेल तितकी कातडी वाचते. उशीर झाला तर ती मरते, काळी पडते, व्रण राहतो. चेहऱ्याच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांना जोडलेल्या असल्यानं फिलर उलट वाहून दृष्टी गेल्याची उदाहरणंही वैद्यकात नोंदली आहेत. ओठांच्या बाबतीत हे फार दुर्मीळ आहे, पण दुर्मीळ आणि अशक्य यांत एका माणसाच्या डोळ्याचं अंतर असतं. याशिवाय काही महिन्यांनी उठणाऱ्या गाठी, जंतुसंसर्ग, आणि वारंवार भरत गेल्यानं ओठांच्या कडेबाहेर सरकून वरच्या ओठावर मिशीसारखा फुगवटा करणारी जेली, हेही खरं आहे.

हे सगळं वाचल्यावर एकच गोष्ट उरते: सुई कुणाच्या हातात आहे आणि उतारा त्याच्या कपाटात आहे का? उतरणारं वेड उतरतं ते उतारा जवळ असेल तरच. ज्याच्याकडे हायलुरोनिडेज नाही, किंवा ते कधी आणि किती द्यायचं हे ज्याला येत नाही, त्याच्या हातातली जेली मेणापेक्षा फारशी वेगळी नाही. म्हणून त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जनकडेच जावं, त्याची वैद्यक परिषदेतली नोंदणी पाहावी, आणि दोन प्रश्न न लाजता विचारावेत: उतारा इथे आहे का? रात्री काही झालं तर कोणत्या नंबरवर फोन करायचा? या प्रश्नांचा ज्याला राग येईल त्याच्याकडून उठून यावं.

इथे मला हसणाऱ्यांविषयी बोलायचं आहे, कारण या वेडातलं बरंचसं नुकसान त्यांच्या हसण्यातून येतं.

२०१४ साली ‘कॉफी विथ करण’ या टीव्ही कार्यक्रमात अभिनेत्री अनुष्का शर्मा दिसली आणि तिच्या ओठांवरून देशभर इतकी चेष्टा झाली, की तिला निवेदन काढून खुलासा करावा लागला. अमेरिकेत टीव्हीवरची तरुण तारका कायली जेनर कित्येक महिने आपल्या ओठांविषयीचे प्रश्न टाळत राहिली. ते ओठ कसे झाले हे कुणी सांगेना, म्हणून २०१५च्या एप्रिलमध्ये तिच्या वयाच्या मुलींनी स्वतःच उपाय शोधला. छोट्या ग्लासात ओठ घालून हवा ओढायची आणि ते सुजवायचे. ओठ काळेनिळे पडले, काहींना जखमा झाल्या. पुढच्याच महिन्यात सतरा वर्षांच्या कायलीनं फिलर घेतल्याचं टीव्हीवर कबूल केलं. तिला आधीच मोकळेपणानं बोलता आलं असतं, तर कित्येक मुलींचे ओठ वाचले असते.

हसण्यामुळे वेड जात नाही, ते लपतं. लपलेलं वेड दिवसाउजेडी तज्ज्ञाच्या दारात जात नाही. ते मैत्रिणीच्या ओळखीच्या पार्लरच्या आतल्या खोलीत जातं, तिथे पावती नसते, पेटीवरचं नाव वाचायला मिळत नाही. ते घरबसल्या पेन मागवतं. बिनसुईचं म्हणून विकलं जाणारं हे पेन हवेच्या दाबानं जेली ओठांत घुसवतं. कुठे घुसली यावर कुणाचाच ताबा नसतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं या पेनांपासून दूर राहण्याचा जाहीर इशारा दिला. आणि त्रास सुरू झाला तरी लपवणारी मुलगी रात्रभर गप्प राहते, कारण आईला सांगितलं तर आधी बोलणी बसतील. ज्या तासांत कातडी वाचली असती ते तास लाजेत जातात.

म्हणून २०२५च्या जुलैमध्ये मुंबईत अभिनेत्री उर्फी जावेदनं जे केलं त्याला मी मोठं काम म्हणेन. अठराव्या वर्षापासून ओठांत फिलर घेत आलेल्या या मुलीनं ते विरघळवून घेतानाचं चित्रण सगळ्यांसमोर ठेवलं. फिलर चुकीच्या जागी बसले होते, म्हणून काढते आहे, असं तिनं स्वतः सांगितलं. सुई, वेदना आणि नंतर भयंकर सुजलेला चेहरा, काहीही झाकलं नाही. लोक हसले. पण त्या एका चित्रणानं लाखो मुलींना कळलं, की हे काढता येतं, काढतानाही दुखतं, आणि तज्ज्ञाकडे गेलं पाहिजे. सुजलेलं तोंड जगाला दाखवायला जो निबरपणा लागतो तो या वेडाच्या भक्तांत निघाला, टीकाकारांत निघाला नाही.

या वेडाला नावं ठेवणाऱ्यांनी शेजारच्या वेडांकडेही पाहावं. आपल्या देशात गोरेपणाचं वेड पिढ्यान्‌पिढ्या मान्यताप्राप्त आहे. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ साली बाजारात आली आणि तिच्या नावातला गोरेपणा २०२० साली गेला. लग्नाच्या जाहिरातींत ‘गोरी, सडपातळ’ छापताना कुणी हसलं नाही. बाजारात पारा घातलेल्या, नाव-गाव नसलेल्या गोरेपणाच्या डब्या मुक्तपणे फिरतात. केरळातल्या कोट्टक्कल इथल्या डॉक्टरांनी अशी क्रीम वापरणाऱ्यांमध्ये मूत्रपिंडाचा विकार आढळल्याचं वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केलं. तो पारा चेहऱ्याला लावणाऱ्या मुलीला घरात वेडी म्हणत नाहीत. ती स्वतःची काळजी घेते असं म्हणतात. ओठांचं वेड निदान स्वतःला वेड म्हणवून घेतं, माप सांगतं, मुदत सांगतं. दोन वेडांतून एक निवडायचं झालं तर मी मोजलेलं आणि उतरणारं निवडेन.

स्तुतीला सीमाही हव्यात. अठरा वर्षांखालच्या मुलींना हे वेड देऊ नये. इंग्लंडनं त्यासाठी कायदाच केला; १ ऑक्टोबर २०२१ पासून तिथे सौंदर्यासाठी अल्पवयीनांना बोटॉक्स किंवा फिलर टोचणं हा गुन्हा आहे. अमेरिकेत तर फिलरची मान्यता एकवीस वर्षांपुढच्यांसाठीच आहे. आपल्याकडे असा स्पष्ट कायदा व्हायला हवा. चेहरा अजून घडतो आहे अशा वयात तो बदलण्याचा निर्णय त्या चेहऱ्याच्या मालकिणीलाही घेता येत नाही. दुसऱ्याच्या सांगण्यावरून जाणाऱ्यांनाही ही स्तुती लागू नाही. नवरा म्हणाला, कॅमेऱ्यासमोर बरं दिसेल असं कुणी सुचवलं, हे आपलं वेड नव्हे. ते दुसऱ्याचं, आपल्या ओठांवर चढवलेलं. आणि ज्यांना आरशात रोज नवा दोष दिसतो, कितीही भरलं तरी कमीच वाटतं, त्यांना आणखी मिलिलिटरची गरज नाही. त्यांना मनाच्या डॉक्टरकडे पाठवणं हे प्रामाणिक सौंदर्यतज्ज्ञाचं काम आहे.

या सीमांच्या आत मात्र मला हे वेड खरोखर प्रिय आहे, आणि त्याचं कारण त्याच्या मुदतीत आहे. दर वर्षी ते आपणहून ओसरतं आणि माणसाला पुन्हा त्याच प्रश्नासमोर उभं करतं: अजून हवं आहे का? कायली जेनरनं २०१८ साली सगळे फिलर काढून टाकल्याचं जाहीर केलं होतं. पंचविशीतलं ‘हो’ तिशीत ‘नको’ होऊ शकतं, आणि तसं झालं तर काहीही करावं लागत नाही; फक्त पुढची भेट ठरवायची नाही. आयुष्यात घेतलेल्या किती निर्णयांना अशी सवड असते? शाखा निवडतो, घर घेतो, माणसं जोडतो, तोडतो. फार थोड्या ठिकाणी वर्षाअखेरी सगळं जवळजवळ जसंच्या तसं परत मिळतं. स्वतःच्या शरीराबद्दलचं मत बदलण्याची मुभा ही मोठी मुभा आहे, आणि ती आपल्या बायकांना फार उशिरा मिळाली आहे.

तेव्हा घरातल्या कुणा मुलीला हे करावंसं वाटत असेल, तर तिला वेडी म्हणायला हरकत नाही. म्हणून झालं की तिच्याबरोबर जा. बाहेरच्या खुर्चीत बसा, उताऱ्याचा प्रश्न तुम्ही विचारा, पेटीचं चिकटपत्र तुम्ही सांभाळा. रात्री तिला दुखलं तर उठवायला सांगा, आणि उठवलं तर रागावू नका. ओठाचा रंग पाहा आणि डॉक्टरला फोन करा.